दोन पिस्तुलं आणि एक अंगठा

लीलंड बीबीने उभ्या आयुष्यात एकही निर्णय घाईने घेतला नव्हता, आणि म्हणूनच त्याच्यावर ही पाळी आली. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासण्यात त्याची सगळी नोकरी गेली. कुणाच्या छपरावर झाड कोसळलं की लीलंड शिडी लावून वर चढायचा आणि छप्पर आधी कुजलं होतं की झाड आधी पडलं, यावर आठवडेच्या आठवडे विचार करायचा. घरातही तीच तऱ्हा. एकदा टोस्टर बिघडला तेव्हा नवा कुठला घ्यावा याचा त्याने इतका अभ्यास केला, की त्याची बायको आर्लीन हिवाळाभर तव्यावर पाव भाजत राहिली. असा हा माणूस निवृत्त झाला आणि पिस्तूल घ्यायला निघाला.

शिकारीबिकारीसाठी नाही बरं का. घरात चोर शिरेल ही भीतीही नव्हती. न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉट गावात, त्याच्या रस्त्यावर चोराने येऊन न्यावं असं काही कुणाकडे नव्हतंच. पिस्तूल हवं होतं ते गुरुवारसाठी. गावाबाहेरच्या नेमबाजांच्या क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी टेबलावर बोलिंगच्या खेळातल्या बाटलीएवढ्या लाकडी पिना मांडत आणि त्या गोळी मारून खाली पाडत. मग सगळे मिळून निखाऱ्यावर भाजलेलं मांस पावात घालून खात आणि एकमेकांच्या नेमाची यथेच्छ टिंगल करत.

लीलंडला तिथे पहिल्यांदा घेऊन गेले ते त्याचे दोन शेजारी. डाव्या घरातला डॉम फिओरेली, इटालियन वंशाचा निवृत्त प्लंबर. उजव्या घरातला स्टीव्ह ह्रुश्का, शाळेच्या बस दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर लीलंडचा फोन वाजेनासा झाला होता. वाजला तर पलीकडून यंत्र बोलायचं, आणि लीलंड त्या यंत्राचंही सगळं बोलणं सभ्यपणे ऐकून घ्यायचा. ते ऐकवेना म्हणून आर्लीन उठून स्वयंपाकघरात जायची. त्या पहिल्या गुरुवारी लीलंडने उसन्या पिस्तुलाने एक पिन पाडली. तीही नेम धरलेली नव्हे, शेजारची. पण सगळ्यांनी आरडाओरडा करून त्याची पाठ थोपटली. परत येताना गाडीत लीलंडने पुढल्या गुरुवारची वेळ दोनदा विचारून घेतली. त्याला त्या लोकांतलं एक व्हायचं होतं, बस्स. इतकं काही हवंसं वाटून त्याला बरीच वर्षं झाली होती.

आता क्लबाचे नियम. उमेदवारीचं एक वर्ष. स्वतःचं पिस्तूल. दोन जुने सभासद जामीन. वर्षाच्या शेवटी सगळ्यांसमोर सुरक्षिततेची परीक्षा, आणि परीक्षेच्या वेळी दोन्ही जामीन उमेदवाराच्या मागे उभे. एकाही जामिनाने अंग काढून घेतलं तर उमेदवार बाहेर, आणि पुन्हा अर्ज करायची सोय नाही. लीलंडचे जामीन अर्थातच डॉम आणि स्टीव्ह. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पण डॉम आणि स्टीव्ह यांचं जगातल्या एका गोष्टीवर कधीच एकमत झालं नव्हतं, आणि ती गोष्ट म्हणजे पिस्तूल. क्लबात प्लास्टिकच्या सांगाड्याच्या पिस्तुलाला कुणी विचारत नसे. पिस्तूल पूर्ण आकाराचं आणि धातूचंच हवं, इथवर दोघं एक. पुढे डॉमचं इटलीचं आणि स्टीव्हचं झेकांचं.

"हे नुसतं पिस्तूल नाही, लीलंड, हे घराणं आहे," डॉम म्हणायचा. "हातात घेऊन बघ. बघ, कसं बोलतं ते!"

"काय बोलणार, डोंबल!" स्टीव्ह कुंपणापलीकडून ओरडायचा. "त्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे, ॲल्युमिनियमचा! आमच्या घरी त्यात सँडविच गुंडाळतात. इटलीवाल्यांनी शेवया कराव्यात, पोलादाला हात लावू नये."

स्टीव्ह मूळचा स्लोव्हाक घरातला, म्हणजे झेकांच्या रुसलेल्या शेजाऱ्यांपैकी. एरवी झेकांचं नाव काढलं तरी त्याच्या कपाळावर आठ्या पडायच्या. पिस्तुलाचा विषय निघाला की मात्र तेच झेक त्याचे सख्खे चुलतभाऊ व्हायचे.

लीलंडने दोन्ही पिस्तुलं हाताळली आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच क्षणाला, त्याला कळलं की आपलं पिस्तूल झेक. कारण सांगायला मात्र त्याची जीभ रेटेना. लीलंडचे हात लहान होते. शाळेत असल्यापासून ते त्याचं गुपित होतं. हस्तांदोलन करताना तो समोरच्याचा हात चटकन सोडायचा. इटालियन पिस्तुलाची मूठ जाड. ती धरली की त्याचं बोट चापापर्यंत जेमतेम टेकायचं, तेही नखाने. झेकाची मूठ मात्र कुणी त्याचंच माप घेऊन केल्यासारखी. आता हे डॉमला कसं सांगायचं? "तुझं घराणं माझ्या हातात मावत नाही," असं?

म्हणून जेव्हा डॉमने विचारलं, "काय मग, इटालियनच ना?" तेव्हा लीलंड म्हणाला, "प्रश्नच नाही." त्याच संध्याकाळी स्टीव्हने कचऱ्याचा डबा बाहेर ठेवता ठेवता विचारलं, "झेक ना?" तेव्हाही लीलंड म्हणाला, "म्हणजे काय!" दोन्ही वेळा तो हसला होता. घरात येऊन तो खुर्चीत बसला आणि त्याने सगळं आर्लीनला सांगितलं.

"मग आता दोन्ही घे," आर्लीन चिडून म्हणाली. ती चिडून म्हणाली होती हे लीलंडच्या लक्षातच आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादा सल्ला तडकाफडकी मानला.

न्यूयॉर्क राज्यात पिस्तूल घेणं म्हणजे काही टोस्टर घेणं नव्हे. परवान्यासाठी आधीच त्याच्या बोटांचे ठसे घेऊन झाले होते. चार ओळखीच्या माणसांना फोन करून हा गृहस्थ चिडखोर आहे का याची चौकशी झाली होती, आणि त्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने "चिडेल की नाही हे ठरवायलाच त्याला महिना लागेल" असं सांगून त्याचं काम सोपं केलं होतं. आता दुकानात पैसे भरायचे, पावती घेऊन काउंटीच्या कचेरीत जायचं, तिथे ते पिस्तूल परवान्यावर चढवून घ्यायचं आणि मग परत दुकानात. खिडकीतल्या बाईंनी दोन पावत्या पाहून चष्मा वर केला.

"दोन? एकदम?"

"हळू बोला हो," लीलंड कुजबुजला. त्या बाईंच्या छातीवरच्या पट्टीवर 'पालुम्बो' असं इटालियन आडनाव होतं, आणि एंडिकॉटमध्ये एक इटालियन दुसऱ्याचा मामेभाऊ नसला तर मावसभाऊ तरी असतोच.

"यात लपवण्यासारखं काय आहे?" पालुम्बोबाईंनी मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. रांगेतला प्रत्येक माणूस लीलंडकडे वळून बघू लागला. कायद्याने वागणारा माणूस इतका गुन्हेगार त्या कचेरीत पूर्वी कधी दिसला नसेल.

आणि मग तो दुहेरी संसार सुरू झाला. गुरुवारी नेमबाजीच्या दोन पाळ्या असत. डॉम पहिल्या पाळीत खेळायचा आणि संपलं की निखाऱ्यावर मांस भाजायला बाहेर जायचा. स्टीव्ह दुसऱ्या पाळीचा. त्यामुळे लीलंड पहिल्या पाळीत डॉमशेजारी इटालियन चालवायचा, मग "गाडीत चष्मा राहिला" म्हणून बाहेर पळायचा, पिशवी बदलायचा आणि दुसऱ्या पाळीत स्टीव्हशेजारी झेक घेऊन उभा राहायचा. दर गुरुवारी चष्मा राहायचा. शेवटी स्टीव्हने त्याला चष्म्याला बांधायची दोरी आणून दिली.

"दोन ठिकाणी बिऱ्हाड केलेला माणूस असाच दिसत असेल," आर्लीन म्हणाली. "दमलेला, आणि सारखा गाडीकडे पळणारा. अरे, सांगून टाक ना एकदाचं!"

"सांगतो. या आठवड्यात सांगतोच."

त्या आठवड्यात डॉम खास अक्रोडाच्या लाकडाच्या मुठी घेऊन आला. त्याच्या भाच्याने हाताने कोरलेल्या. "इटालियनवर बसव. लोक बघत राहतील!" मुठी सुंदर होत्या, यात वादच नाही. आणि आधीच्या मुठींपेक्षा चांगल्याच जाड होत्या. आता लीलंडचं नखसुद्धा चापाला टेकेना. दोन दिवसांनी स्टीव्हची बायको कोबीच्या पानांत खिमा-भात गुंडाळून केलेली हालुपकी पातेलंभर घेऊन आली, आणि मागोमाग स्टीव्ह, झेकासाठी शिवून घेतलेलं चामड्याचं म्यान घेऊन. लीलंड हालुपकी खायला बसला. लाच घेतलेल्या माणसाला जेवण कसं लागत असेल, असं त्याच्या मनात आलं. त्याने तर दोन्ही पक्षांकडून घेतली होती.

इथे एक बारीकशी गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं पुढे तिच्यावरच अडलं. दोन्ही पिस्तुलांना सेफ्टीचा खटका असतो. इटालियनचा खटका खाली दाबला की पिस्तूल बंद. झेकाचा खाली दाबला की चालू. बंद करायचं तर वर ढकलायचा. दोन देशांनी एकमेकांना विचारून ठेवायला हवं होतं, पण नाही विचारलं. एकाच पिस्तुलाशी इमान राखणाऱ्याला याचा काही त्रास नसतो, त्याचा अंगठा आपोआप शिकतो. लीलंडचा अंगठा मात्र एकाच संध्याकाळी दोन शाळांत जात होता.

वसंत ऋतूतल्या एका गुरुवारी शिट्टी वाजली, लीलंडने इटालियन उचललं आणि झेकाच्या सवयीने खटका खाली दाबला. पिस्तुलाचा मागचा घोडा गोळी न उडताच खट्कन पडला. मग तो चाप ओढतोय, ओढतोय, काही नाही. पाचही पिना जागच्या जागी.

"काय झालं रे?" डॉमने विचारलं.

"गोळी... फुसकी असावी."

झालं. डॉम तरातरा गोळ्या विकणाऱ्या दुकानदाराकडे गेला, त्याच्याशी कडाकडा भांडला आणि लीलंडसाठी नवा खोका फुकट घेऊन आला. "माझ्या माणसाला फुसका माल देतात म्हणजे काय!" तो म्हणाला. 'माझा माणूस' हे शब्द लीलंडच्या काळजात रुतले. त्या दिवशी तो गाडीतच बराच वेळ बसून राहिला. त्याला रडू येत होतं, आणि एकसष्टाव्या वर्षी बोलिंगच्या पिनांवरून रडणं बरं दिसणार नाही म्हणून तो रडला नाही.

परीक्षेचा शनिवार उजाडला. परीक्षा घेणार होत्या क्लबाची सुरक्षा पाहणाऱ्या ट्रुडी हॉलेनबेकबाई. त्यांच्यासमोर भले भले सभासद शाळकरी पोरांसारखे उभे राहत. परीक्षेत पिस्तूल एकच चालणार होतं. लीलंडने आदल्या दिवसापासून विचार केला, झेक न्यावं तर डॉम दुखावतो, इटालियन न्यावं तर स्टीव्ह, आणि दुखावलेला जामीन अंग काढून घेतो. नेहमीप्रमाणे काही ठरलं नाही. तो एकाच पिशवीत दोन्ही घालून निघाला.

"तिथे पोचेपर्यंत ठरेल," तो म्हणाला.

आर्लीनने त्याच्या कोटाची कॉलर नीट केली. "लीलंड, तुझं ठरलंय रे कधीचंच. तुला फक्त बोलायचं नाहीये."

रेंजवर सगळा क्लब जमला होता. लीलंडच्या मागे डावीकडे डॉम, उजवीकडे स्टीव्ह, दोघंही इस्त्रीचे शर्ट घालून. दोघांच्याही चेहऱ्यावर, आज आपलं पिस्तूल सगळ्यांसमोर चमकणार, असा भाव.  लीलंडच्या कानावरचे इअरमफ गोळीचा धमाका अडवत, पण मागची एकेक कुजबुज आत सोडत.

"पिशवी टेबलावर," हॉलेनबेकबाई म्हणाल्या. "पूर्ण उघडा."

लीलंडने पिशवीची चेन ओढली. आत डॉमच्या भाच्याच्या अक्रोडाच्या मुठी होत्या, आणि शेजारी स्टीव्हचं म्यान.

 डॉमने स्टीव्हकडे पाहिलं, स्टीव्हने डॉमकडे, आणि मग दोघांनी लीलंडच्या मानेकडे. मानेला डोळे नसूनही लीलंडला ते सगळं दिसलं.

"कुठलं?" हॉलेनबेकबाईंनी विचारलं.

आता पळायला गाडीही नव्हती आणि विसरायला चष्माही नव्हता. लीलंडने हात पुढे केला. हात थोडा डावीकडे गेला, मग उजवीकडे आला आणि झेकावर टेकला. मागून डॉमचा एक लांब श्वास ऐकू आला. स्टीव्हचे बूट एक पाऊल मागे सरकल्याचं ऐकू आलं.

"पाच गोळ्या भरा. तीन मारा. मग सेफ्टी लावून तसेच थांबा."

लीलंडने भरल्या. तीन मारल्या. तिन्ही कागदाच्या मधोमध लागल्या. इतका चांगला नेम त्याचा वर्षभरात लागला नव्हता. मागे कुणीतरी 'वा' म्हणालं. आता फक्त सेफ्टी.

अंगठा सरकला. आधी इटालियनचा खटका जिथे असतो तिथे गेला. तिथे गुळगुळीत पोलाद. मग खाली आला. खटका सापडला. लीलंडने तो खाली दाबला. हलला नाही. म्हणजे आधीच लागलाय? की आधीच निघालेला आहे? खाली म्हणजे बंद. नाही, खाली म्हणजे चालू. खाली म्हणजे... घोडा मागे ओढलेला, नळीत जिवंत गोळी, आणि लीलंडच्या डोक्यात इटली आणि झेक देश एकाच वेळी मोठमोठ्याने ओरडत होते.

"सेफ्टी लावली?" मागून बाईंचा आवाज आला.

लावली म्हणायचं. एक शब्द म्हटला की संपलं. वर्षभर तो हेच करत आला होता. कुणी काही विचारलं की समोरच्याला हवं ते म्हणायचं. शब्द ओठावर आलाही. मागे दोन माणसं उभी होती, ज्यांनी त्याला आपला माणूस मानलं होतं. लीलंडने बोट चापावरून बाजूला घेतलं, नळी समोरच्या मातीच्या बांधावर रोखून धरली, आणि म्हणाला, "मला माहीत नाही."

"काय?"

"हे बंद आहे की चालू, मला माहीत नाही. मी वर्षभर दोन्ही वापरतोय. माझ्या अंगठ्याला आता काहीच माहीत नाही."

"हलू नका," हॉलेनबेकबाई म्हणाल्या. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि एकेक सूचना देत गेल्या, मॅगझीन काढा, गोळी काढा, खाली ठेवा. लीलंड एकेक करत गेला. पिस्तूल रिकामं होऊन टेबलावर आलं तेव्हा त्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर टेकले.

"नापास," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पुन्हा एक वर्ष उमेदवारी. पण जामीन राहिले तर. फिओरेली?"

डॉमने त्या अक्रोडाच्या मुठींकडे पाहिलं, मग टेबलाच्या कडेवर टेकलेल्या लीलंडच्या लहानशा पंज्यांकडे. मान वर न करता तो म्हणाला, "मूठ हातात बसत नव्हती, हे एकदा म्हणाला असता तर भाच्याला पातळ कोरायला सांगितलं असतं." मग घसा खाकरून म्हणाला, "मी राहतो."

"ह्रुश्का?"

स्टीव्ह जागेवर नव्हता. तो पार्किंगच्या दिशेने निघाला होता. ज्याचं पिस्तूल निवडलं तोच निघून चालला होता. लीलंड त्याच्या मागे धावला.

"स्टीव्ह! अरे, मी तुझंच घेतलं ना!"

स्टीव्ह वळला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "घेतलंस. पण वर्षभर तू मला म्हणत होतास, 'मला हेच आवडतं'. त्यालाही तेच म्हणत होतास. आता मला कसं कळायचं की ते खरं होतं? तेच तिकडेही बोललास, तेच इकडेही. माझ्या हातात काय राहिलं?"

 सगळा क्लब रेंजच्या दारात येऊन उभा होता. आणि मग जी गोष्ट लपवण्यासाठी लीलंडने वर्षभर एवढा उपद्व्याप केला, तीच त्याने सगळ्यांसमोर उघड केली. त्याने उजवा हात वर केला आणि बोटं पसरली.

"खरं होतं," तो म्हणाला. "हा बघ. ते इटालियन माझ्या हातात मावतच नाही. शाळेपासून माझे हात असेच आहेत. मला लाज वाटायची."

 हॉलेनबेकबाई पुढे आल्या, त्यांनी आपला पंजा त्याच्या पंजाला लावला, आणि बाईंची बोटं लीलंडच्या बोटांवरून चांगली पेरभर वर गेली. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग डॉम हसला. मग सगळेच हसले. लीलंड शरमेने कानापर्यंत लाल झाला, तरी त्याने हात खाली घेतला नाही.

स्टीव्ह तेवढा हसला नाही. तो जवळ आला आणि त्या हाताकडे बारकाईने, गाडीचा एखादा भाग तपासावा तसा बघत राहिला. "हा हात झेकाचाच आहे," तो अखेर हॉलेनबेकबाईंकडे वळून म्हणाला. "मी राहतो. पण पुढल्या गुरुवारपासून हा माझ्या पाळीत."

"माझ्या पाळीत!" डॉम गरजला. "नाहीतर मांस तुझं तू भाज!"

त्यांचं भांडण सुरू असतानाच लीलंड घरी आला. आर्लीन दारातच उभी होती, हातात भांडी पुसायचं फडकं.

"पास झालास?"

"नापास," लीलंड म्हणाला, आणि ते इतक्या आनंदाने म्हणाला की आर्लीनने पुढे होऊन त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.